हिशेब जुळत नाही

तळमजल्यावरच्या काकांनी काल माझी कादंबरी परत केली. स्पायरल बाइंडिंग केलेली 214 पानं, आणि पहिल्याच पानावर लाल पेनाने शेरा : ‘तपासले. हिशेब जुळत नाही.’

स्वखर्चाने पुस्तक काढणाऱ्याने छपाईआधी चार जणांकडून वाचून घ्यावं, असं जाणते सांगतात. हे चार जण आणायचे कुठून, ते सांगत नाहीत. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळखक्रमांक, राजा राममोहन रॉय यांच्या नावाची सरकारी एजन्सी फुकट देते. वाचक मिळवून देणारी एजन्सी सरकारने अजून काढलेली नाही. मित्रांना पीडीएफ पाठवली, तर अर्ध्या मिनिटात अंगठे आले. 214 पानं, अर्ध्या मिनिटात! मेहुणीने ‘फॉन्ट गोड आहे’ म्हणून कळवलं.

राहता राहिले काका. उभी हयात ऑडिटमध्ये गेलेली.

“पान 43,” त्यांनी चष्मा कपाळावर चढवला. “सुमन भाजीवाल्याला शंभराची नोट देते. उरलेले पैसे परत घेतल्याचा उल्लेख नाही.”

“काका, तेवढ्यात तिला नवरा गेल्याचा फोन येतो.”

“नवरा गेला, भाजीवाला आहे ना?”

“ती धावत सुटते हो!”

“मग पान 60 वर रिक्षाला पैसे कुठून आले?”

मी गप्प. कारण ते मलाही ठाऊक नव्हतं.

“बरं, पण आवडली का?”

“ते माझ्याकडे नाही,” काका म्हणाले.

काकूंनीही हात फिरवला होता. त्यांची शाळा 1962च्या शुद्धलेखनाच्या नियमांआधीची. मराठी साहित्य महामंडळाने काढून टाकलेले सगळे अनुस्वार त्यांनी पेन्सिलीने परत बसवले : नाहीं, कांहीं, केव्हां. महिनाभर हे चाललं होतं म्हणे. सुमनच्या दुःखाबद्दल मात्र दोघांच्यात मिळून एक अवाक्षर नाही. त्या प्रसंगाने मी रात्र रात्र जागलोय हो! ‘रडू आलं’ एवढं खोटं म्हणायलाही जीभ उचलली नाही कुणाची.

आज छापखान्यात गेलो. मालकांनी पुस्तक न उघडताच मागचा पानक्रमांक पाहिला.

“सोळा पानांचा एक फॉर्म. तुमचे तेरा फॉर्म होऊन सहा पानं वर जातायत. तेवढी उडवा, खर्च वाचेल.”

“कुठली उडवू?”

“कुठलीही.”