अपघातात गेलेल्या माणसाचे ‘दहा पट’ पैसे सरकार देत नाही

गेल्या पावसाळ्यात एक बाई दिराला घेऊन माझ्याकडे आल्या. नवऱ्याचं तालुक्याच्या गावी हार्डवेअरचं दुकान होतं. रात्री दुकान बंद करून दुचाकीवरून घरी येताना मागून ट्रकने उडवलं. दिराच्या हातात प्लास्टिकची फाईल होती आणि तिच्यात तीन वर्षांची इन्कम टॅक्स रिटर्न्स, एकेक पान लॅमिनेट केलेलं. बाकी काहीच नाही. एफआयआरची नक्कल नाही, पंचनामा नाही, पीएम रिपोर्ट नाही, ट्रकचा नंबरही कोणाला माहीत नाही. “साहेब, चार महिने फिरतोय. कलेक्टर ऑफिसला गेलो, त्यांनी इन्कम टॅक्सला पाठवलं. तिथले म्हणतात, आमच्याकडे असलं काही नसतं. दहा पट कोण देतं, तेवढं सांगा,” असं म्हणत त्यांनी मोबाईल माझ्यापुढे धरला.

तो मेसेज तुमच्याही ग्रुपवर येऊन गेला असेल. मजकूर थोडाफार बदलतो, आशय असा: अपघाती मृत्यू झालेल्या माणसाने मागची तीन वर्षं रिटर्न भरलेलं असेल, तर त्या तीन वर्षांच्या सरासरी वार्षिक उत्पन्नाच्या दहा पट रक्कम कुटुंबाला द्यायला सरकार बांधील आहे. उत्पन्न ४, ५ आणि ६ लाख असेल तर सरासरी ५ लाख, म्हणजे मिळणार ५० लाख. मोटार वाहन कायदा १९८८, कलम १६६. लोकांना माहिती नसते म्हणून कोणी मागत नाही, सगळ्यांना पाठवा. खाली सर्वोच्च न्यायालयातल्या एका अपिलाचा नंबर असतो आणि त्या नंबरामुळेच शिकलेली माणसंसुद्धा विश्वास ठेवतात.

मी क्लेमच्या केसेस चालवतो. या मेसेजमुळे घरच्यांचे महिनेच्या महिने वाया गेलेले पाहिलेत, म्हणून त्यातलं एकेक वाक्य घेऊन लिहितो.

“सरकार बांधील आहे.” नाही. कलम १६६ खरं आहे, पण त्यात पैसे देण्याची जबाबदारी सरकारवर टाकलेली नाही. ज्याच्या निष्काळजीपणामुळे माणूस गेला तो ड्रायव्हर, त्या गाडीचा मालक आणि त्या गाडीचा विमा उतरवणारी कंपनी, हे तिघं सामनेवाले, म्हणजे ज्यांच्याविरुद्ध दावा लावायचा ते, असतात. अर्ज करायचा तो मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे. आपल्याकडे ते जिल्हा न्यायालयातच बसतं. अपघात झाला तिथे, तुम्ही राहता तिथे किंवा सामनेवाला राहतो तिथे, यांपैकी कुठेही अर्ज करता येतो. सोलापूर रस्त्यावर अपघात झाला म्हणून नांदेडच्या विधवेने सोलापूरला खेटे घालायची गरज नाही. सरकार सामनेवाला होतं ते फक्त गाडी सरकारची असेल तेव्हा, आणि तेही गाडीमालक म्हणून. एसटीने धडक दिली तर एसटी महामंडळ उत्तर देईल. कलेक्टर कचेरीत या कलमाखाली कुठलीच खिडकी नाही.

“अपघाती मृत्यू.” हा शब्द मेसेजमध्ये इतका मोघम आहे की विहिरीत पडलेल्याच्या आणि साप चावलेल्याच्या घरचेही हेच कलम विचारत येतात. कलम १६६ फक्त मोटार वाहनामुळे झालेल्या अपघातांसाठी आहे. शेतकरी कुटुंबासाठी वेगळी योजना आहे, गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना. तिच्यात मृत्यूसाठी २ लाख मिळतात, सर्पदंश आणि विजेचा धक्काही बसतो आणि चौकशी कृषी कार्यालयात करायची. लोकलमधून पडून माणूस गेला तर रेल्वे दावा न्यायाधिकरण, तिथे मृत्यूची रक्कम ८ लाख. दार चुकलं की कागद चांगले असूनही उपयोग होत नाही.

रस्त्यावरच्या अपघातातही एक अट आहे आणि ती घरच्यांना सांगताना माझा आवाज खाली येतो. चूक दुसऱ्याची असावी लागते. स्वतःच्याच बेदरकारपणामुळे गाडी उलटून माणूस गेला, तर त्याच्या वारसांना कलम १६६ खाली मागता येत नाही. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे पुन्हा स्पष्ट केलं. तेव्हा गाडीच्या पॉलिसीतलं मालक-चालकाचं वैयक्तिक अपघात संरक्षण बघायचं, ते १५ लाखांचं असतं. दोघांचीही चूक असेल तर दावा संपत नाही. मयताच्या चुकीचा जेवढा वाटा ठरेल तेवढी रक्कम कमी होते.

आता “दहा पट”. मेसेजमधली सगळ्यात घातक गोष्ट हीच, कारण ती ऐकायला सोपी आहे. किती पट हा आकडा मयताच्या वयावर ठरतो. २००९ च्या दिल्ली परिवहन महामंडळाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तक्ता घालून दिला. कोर्टात सगळे त्याला ‘सरला वर्मा’ म्हणतात. २५ वर्षांपर्यंत १८ पट, ३१ ते ३५ ला १६, ४१ ते ४५ ला १४, ५६ ते ६० ला ९ आणि ६५ च्या पुढे ५. शिवाय गुणायचं ते नुसतं उत्पन्न नसतं. माणूस जगला असता तर कमाई वाढली असती, म्हणून आधी भर घालतात. ऑक्टोबर २०१७ च्या ‘प्रणय सेठी’ निकालाने तिचं प्रमाण ठरवलं: कायम नोकरी आणि वय चाळिशीच्या आत असेल तर ५० टक्के, स्वतःचा धंदा असेल तर ४० टक्के, वय वाढेल तशी कमी. मग तो स्वतःवर जेवढा खर्च करत होता तेवढा वजा. लग्न झालेला आणि मागे दोन-तीन जण असतील तर एक तृतीयांश, चार ते सहा असतील तर एक चतुर्थांश, अविवाहित असेल तर साधारण निम्मा.

मेसेजचाच ५ लाखांचा आकडा घ्या आणि माझ्यासोबत कागदावर मांडा. बत्तीस वर्षांचा दुकानदार, मागे बायको, दोन मुलं आणि आई. ५ लाखांवर ४० टक्के भर, झाले ७ लाख. चौथा हिस्सा वजा, उरले ५ लाख २५ हजार. गुणिले १६, म्हणजे ८४ लाख. याशिवाय प्रत्येक जवळच्या नात्याला आधार गमावल्याबद्दल, अंत्यसंस्काराच्या खर्चासाठी आणि मयताच्या मालमत्तेच्या हानीसाठी ठरीव रकमा असतात. २०१७ मध्ये त्या ४० हजार, १५ हजार आणि १५ हजार होत्या, दर तीन वर्षांनी त्यात १० टक्के वाढ धरायची असते. तेच ५ लाख कमावणारा चोवीस वर्षांचा अविवाहित मुलगा असेल तर ७ लाखांचे निम्मे साडेतीन, गुणिले १८, म्हणजे ६३ लाख. आणि अठ्ठावन्न वर्षांचा गृहस्थ, मागे बायको आणि बिनलग्नाची मुलगी: या वयात भर १० टक्केच, म्हणून साडेपाच लाख, त्यातून एक तृतीयांश वजा, गुणिले ९, म्हणजे ३३ लाख. कमाई तिघांचीही सारखीच होती, आणि मेसेजमधले ५० लाख एकालाही लागू नाहीत. (कर भरावा लागत असेल तर तो उत्पन्नातून आधी वजा होतो.)

हा हिशेब घरच्यांना माहीत असायलाच हवा, कारण लोकअदालतीत कंपनी तडजोडीचा आकडा पुढे ठेवते तेव्हा डोक्यात ‘दहा पट’ बसलेला माणूस ८४ च्या जागी ५० ला आनंदाने सही करतो. लोकअदालतीच्या निवाड्यावर अपील नाही. तडजोड वाईट नसते, वर्षं वाचतात, पण सही करण्याआधी आकडेमोड स्वतः करून बघा.

“तीन वर्षांचं रिटर्न भरलेलं असेल तर.” या वाक्याने गरिबांचं जेवढं नुकसान केलंय तेवढं कशानेच केलं नसेल. गवंडी, शेतमजूर, रिक्षावाला, घरकाम करणारी बाई, यांच्या घरचे मेसेज वाचून गप्प बसतात, कारण रिटर्न नाही म्हणजे हक्क नाही असं त्यांना वाटतं. रिटर्न हा उत्पन्नाचा पुरावा आहे, चांगला पुरावा आहे, पण हक्काची अट नाही. ते नसेल तर पगारपत्रक, बँकेचं पासबुक, मुकादमाची साक्ष, दूध डेअरीची बिलं, सातबारा, काहीही चालतं. काहीच नसेल तर न्यायाधिकरण किमान वेतनाचा आणि त्या भागातल्या मजुरीचा अंदाज घेऊन उत्पन्न धरतं. इथे फौजदारी खटल्यासारखा काटेकोर पुरावा लागत नाही. महिन्याला १२ हजार कमावणारा बत्तीस वर्षांचा मजूर, मागे चौघं, असं धरलं तर वरच्याच रीतीने २४ लाख १९ हजार २०० होतात. ज्या घरात रिटर्न हा शब्दच कधी आला नाही त्या घराचे हे पैसे आहेत. आणि घर सांभाळणारी बाई गेली तर? तिच्या कामाचंही मोल धरावं लागतं. जानेवारी २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गृहिणीच्या कामाचं काल्पनिक उत्पन्न धरून नुकसान मोजण्याची बाजू ठामपणे मांडली. “ती काय कमवत होती” असं जावेने किंवा एजंटने म्हटलं तरी ऐकू नका.

“कोणी मागत नाही.” एवढं खरं आहे, पण मागायला लागतं कुठे आणि कधी, ते मेसेज सांगत नाही. १ एप्रिल २०२२ पासून अर्जाला अपघातापासून सहा महिन्यांची मुदत आहे. या मुदतीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेलं आहे आणि नोव्हेंबर २०२५ च्या अंतरिम आदेशाने, केवळ उशीर झाला म्हणून दावे फेटाळू नयेत असं सांगितलंय. त्या भरवशावर मात्र थांबू नका. शिवाय व्याजही साधारण अर्ज दाखल झाल्यापासून मिळतं. या बाई चार महिने कचेऱ्यांत फिरल्या, तेवढ्या महिन्यांचं व्याज गेलं ते गेलंच.

त्याच दिवशी आम्ही पोलीस ठाण्यात गेलो. पोलिसांनी तीन महिन्यांच्या आत अपघाताचा सविस्तर अहवाल न्यायाधिकरणाकडे पाठवायचा असतो आणि तो अहवालच अर्ज म्हणून धरता येतो, अशी कायद्यात तरतूद आहे. प्रत्यक्षात मी घरच्यांना नेहमी सांगतो की स्वतः जाऊन नकला घ्या: एफआयआर, घटनास्थळाचा पंचनामा, इन्क्वेस्ट, पीएम रिपोर्ट, ट्रकची आर.सी., पॉलिसी, ड्रायव्हरचं लायसन्स. लायसन्सची मुदत संपलेली निघाली तर घाबरून जाऊ नका. पुष्कळदा न्यायाधिकरण कंपनीला आधी कुटुंबाचे पैसे द्यायला लावतं आणि मालकाकडून नंतर वसूल करायला सांगतं. हवालदाराने कपाटातून गठ्ठा काढला तेव्हा पंचनाम्यात लिहिलेलं दिसलं, ‘दुचाकीच्या डिक्कीत टिफिन, एक वही, खिळ्यांचं पाकीट’. बाईंनी त्या ओळीवर बोट ठेवलं आणि बराच वेळ उचललं नाही.

गाडी सापडलीच नाही तर? तेव्हाही दार आहे. धडक देऊन पळालेल्या गाडीसाठी २०२२ पासून मृत्यूला २ लाख मिळतात, त्याआधी २५ हजार होते. हा अर्ज मात्र महसूल अधिकाऱ्याकडे, म्हणजे प्रांत किंवा तहसील कचेरीत. मेसेज फिरतोय त्याच्या दहाव्या हिश्श्यानेही ही माहिती फिरत नाही.

मेसेजमध्ये नसलेल्या, पण घरातच उठणाऱ्या दोन गोष्टी लिहायलाच हव्यात. एलआयसीचे पैसे आले म्हणून दाव्याची रक्कम कापली जात नाही. १९९८ मध्ये एसटी महामंडळाच्याच प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ते सांगून टाकलं. आणि विधवेने पुन्हा लग्न केलं तर तिचा हक्क जातो असं सासरी बजावलं जातं, तेही खरं नाही. मुंबई उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये पुनर्विवाहाच्या कारणावरून भरपाई नाकारता येत नाही असं म्हटलं. या बाईंचं वय एकोणतीस. दीर बाहेर चहा सांगायला गेले तेव्हा त्यांनी हा प्रश्न मला अगदी हळू आवाजात विचारला होता.

शवागाराबाहेर कोऱ्या वकीलपत्रावर सह्या घेणारे एजंटही “दहा पट मिळवून देतो, तीस टक्के आमचे” असंच म्हणतात. निकालाच्या रकमेत वाटा ठरवून फी घेणं वकिलाला बार काउन्सिलच्या नियमांनी मनाई आहे. कोऱ्या कागदावर सही करू नका. पैसे वारसाच्या खात्यात जमा होतात, मुलांचा हिस्सा ती सज्ञान होईपर्यंत एफडीत राहतो आणि या सगळ्यात एजंटची गरजच नसते.

सहा महिने भरायला अकरा दिवस उरले असताना आम्ही दावा दाखल केला. दिराने लॅमिनेट केलेल्या पानांना कोर्टाचा शिक्का बसेना, म्हणून रिटर्न्सच्या नव्या प्रती काढून उत्पन्नाचा पुरावा म्हणून यादीत जोडल्या. विमा कंपनीने कैफियत, म्हणजे लेखी उत्तर, दिली आहे, ट्रकवाल्याची चूक नव्हती असं तिचं म्हणणं. पुढच्या तारखेला बाईंचा उलटतपास आहे.