सूचनेनं भागत नाही

नाटकाआधीची ‘मोबाइल बंद ठेवा’ ही सूचना आणखी कडक करावी, असं एका लेखात सुचवलंय. सूचना कमी पडते असं मला वाटत नाही हो! तिसऱ्या घंटेआधी ती नीट ऐकू येते, लोक माना डोलावतात आणि फोन तसाच पर्समध्ये जातो. मग ऐन प्रसंगात, नट श्वास रोखून उभा असताना, पर्समधून आरती सुरू. चेन सापडेना, फोन सापडेना. त्याहून कहर म्हणजे फोन उचलून “नाटकाला आलोय, नंतर करतो” असं सांगणारे महाभाग. अहो, कट करा ना! २०१९ मध्ये सुबोध भावे वैतागून नाटकात काम न करण्याची भाषा बोलले होते, ते उगाच नव्हे.

व्हायब्रेटवर ठेवणाऱ्यांनाही सांगायला हवं, शांत प्रसंगात ती घरघर तीन रांगा ऐकू जाते. आणि मेसेज बघायला उजळलेला स्क्रीन मागच्यांच्या थेट डोळ्यात.

नाट्यगृहात मोबाइलचं नेटवर्कच बंद पाडणाऱ्या जॅमरला मात्र माझा विरोध. प्रेक्षकांत डॉक्टर असतात, कुणाचं घरी आजारी माणूस असतं. अशांनी कडेची खुर्ची घ्यावी, फोन सायलेंट करून हातात ठेवावा आणि बोलायला बाहेर जावं. बाकीच्यांचं दोन-अडीच तासांत काय अडतं?