‘कराटेने मुलं मारकुटी होतात’ : त्या फॉरवर्डला उत्तर

आमच्या घोडबंदर रोडच्या सोसायटीच्या ग्रुपवर तो मेसेज गेल्या आठवड्यात तिसऱ्यांदा आला. वर ‘पालकांनो सावधान’ आणि खाली चार मुद्दे: कराटेने मुलं मारकुटी होतात, बेल्ट म्हणजे पैशांचा धंदा, हवेत हातवारे करून स्वसंरक्षण होत नाही, आणि दहावीच्या मुलांची संध्याकाळ फुकट जाते. त्याला सतरा अंगठे. वर्तकनगरच्या एका वर्गात मी 9 वर्षं छोट्यांच्या बॅचला मदत करते, म्हणून गप्प बसवेना.

आधी मारकुटेपणा. ठोसा शिकवतात, खरंच आहे. पण त्याहून जास्त वेळ तो थांबवायला शिकवण्यात जातो. जोडीदाराच्या ड्रेसला टेकेल न टेकेल अशी मूठ थांबली पाहिजे. गेल्या जूनमध्ये सहावीतला एक दांडगा मुलगा आला आणि पहिल्याच महिन्यात समोरच्याच्या नाकावर बसवून मोकळा झाला. सेन्सेई, म्हणजे आमचे सर, ओरडले नाहीत. त्याला स्वतःसमोर उभं केलं आणि म्हणाले, “माझा ड्रेस हलव, मला लावू नकोस.” वीस मिनिटं पोरगं घामाघूम. मूठ एकतर वीतभर अलीकडे राहायची, नाहीतर छातीवर धाडकन आदळायची. शेवटी एकदा कापड नुसतं थरथरलं, तेव्हा तो स्वतःच्या मुठीकडे असा बघत राहिला, जणू ती दुसऱ्याचीच आहे.

वर्गातलं सोडा, ऑलिंपिकचं घ्या. टोकियोत ऑगस्ट 2021 मध्ये पुरुषांच्या 75 किलोवरील गटाची फायनल झाली. सौदी अरेबियाचा तारेग हमेदी 4-1 असा पुढे होता. त्याच्या उंच लाथेने इराणचा सज्जाद गंजझादेह बेशुद्ध पडला, त्याला स्ट्रेचरवरून न्यावं लागलं. सुवर्णपदक मिळालं ते गंजझादेहला. ताबा न ठेवता प्रहार केला म्हणून हमेदी बाद.

तरी मेसेजवाल्याचं अगदीच चूक नाही. अमेरिकेत मायकेल ट्रल्सन यांनी 1986 मध्ये वाट चुकलेल्या किशोरवयीन मुलांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध केला. तो तायक्वांदोचा होता, पण भाऊबंदच म्हणा. 6 महिने एका गटाला ध्यान आणि तत्त्वांसकट पारंपरिक पद्धतीने शिकवलं, दुसऱ्याला नुसतं लढायला. पहिल्या गटाची आक्रमकता उतरली, दुसऱ्याची वाढली. गट लहान होते, त्यामुळे हे ब्रह्मवाक्य मानू नका. पण मुलाला घालण्याआधी वर्गात एक संध्याकाळ बसून बघा, एवढं त्यावरून नक्की म्हणता येतं.

बेल्टचा धंदा? इथे मी मेसेजवाल्याच्या बाजूने आहे. दर तीन महिन्यांनी ग्रेडिंग म्हणजे बेल्टची परीक्षा, दर ग्रेडिंगला फी, आणि दीड वर्षात ब्लॅक बेल्ट, असे वर्ग मी पाहिलेत. मुळात बेल्टची ही पद्धत ज्युदोच्या जिगोरो कानो यांच्याकडून उसनी आलेली. कराटेत गिचिन फुनाकोशी यांनी पहिले ‘दान’, म्हणजे ब्लॅक बेल्टच्या इयत्ता, दिले ते 1924 मध्ये. ब्लॅक बेल्टच्या पहिल्या इयत्तेला शोदान म्हणतात, म्हणजे सुरुवातीची पायरी. ओकिनावाच्या शाळांत कराटे नेणारे इतोसू आंको यांनी 1908 च्या पत्रात रोज तास-दोन तास आणि 3-4 वर्षं असा हिशेब मांडला होता. आमच्याकडे आठवड्यातून तीन दिवस, दीड-दीड तास. आकडेमोड तुम्हीच करा.

पण ग्रेडिंग प्रामाणिक असेल तर त्यात नापासही होतात. माझी लेक ग्रीन बेल्टला नापास झाली. शाळेत तिला नापास म्हणजे काय, ठाऊक नव्हतं. रिक्षात घरापर्यंत एक शब्द नाही, रात्री जेवलीही नाही. सोमवारी साडेसहाला मात्र जुनाच पट्टा बांधून दाराशी उभी, “आई, चल ना, उशीर होतोय.” त्या पट्ट्याच्या गाठीकडे बघून मला जे वाटलं, ते पुढे ग्रीन बेल्ट मिळाला तेव्हाही वाटलं नाही.

हवेतले हातवारे. काता, म्हणजे ठरलेल्या क्रमाने हवेत करायच्या हालचाली, केल्याने चाकूवाल्याशी लढता येतं असं कोणी सांगत असेल तर त्या वर्गातून मुलाला काढा. आमच्याकडे पहिला धडा असतो तो तिथून निघून जाण्याचा. दुसरा आवाजाचा. प्रहाराबरोबर पोटातून जो आवाज काढतात तो किआय. नववीतल्या एका मुलीचा किआय तीन महिने शिंकेसारखा यायचा, आणि मग ती स्वतःच हसायची. दिवाळीनंतर कधीतरी तो असा फुटला की शेजारची रांग दचकली. पुढे टीएमटीच्या भरल्या बसमध्ये एकाचा हात नको तिथे आला, तेव्हा तिने लाथ मारली नाही की ठोसा मारला नाही. “हात काढा!” एवढंच, पण त्याच आवाजात. कंडक्टरने बेल मारून बस थांबवली. हे तिने आम्हाला सांगितलं तेही अगदी हळू आवाजात, बरं का.

राहिली दहावी. कराटेने टक्के वाढतात असं मी म्हणणार नाही. आणि सवलतीच्या गुणांसाठी येत असाल तर ते मान्यताप्राप्त स्पर्धांतल्या कामगिरीवर मिळतात, बेल्ट दाखवून नाही. यंदा आमच्याकडे दहावीची चार मुलं आहेत. आल्यावर फोन दाराजवळच्या टोपलीत टाकतात आणि हेइयान शोदान या सुरुवातीच्या काताच्या 21 हालचाली पुन्हा पहिल्यापासून सुरू करतात. टोपली दीड तास गुरगुरत असते. परवा तिच्यात माझाही फोन होता, आणि त्यावर हाच मेसेज आलेला होता.