तिच्या देखत विचारू नका!

"हिची खरी आई कुठे असते?" परदेशातून दत्तक घेतलेली माझी लेक हात धरून उभी असते, आणि तिच्या डोक्यावरून हा प्रश्न येतो. अहो, समोर उभी आहे ना मी! सकाळी गुंता सोडवताना तिची किंकाळी ऐकली ती मी, डब्यातली भेंडी परत आली म्हणून रागावले तीही मीच. अजून किती खरी आई हवी?

"आपल्याकडे अनाथ मुलं नव्हती का?" विचारणाऱ्यांपैकी कितींनी इथलं एक तरी मूल घरी आणलंय?

आणि "केवढ्याला पडली?" म्हणे! कोथरूडच्या भर मंडईत! मुलांची खरेदी-विक्री होऊ नये म्हणूनच तर 1993 चा हेग करार, म्हणजे दुसऱ्या देशातून मूल दत्तक घेण्याबद्दलचा आंतरराष्ट्रीय करार, झाला. भारतानेही तो 2003 मध्ये स्वीकारला. आधी मुलाच्या देशाच्या कायद्यानुसार सगळं पार पाडायचं. इकडे गृह अभ्यास अहवाल, म्हणजे आमचा पगार, तब्येत, नाती सगळं तपासून घ्यायचं. 'कारा'ची, म्हणजे दत्तकाचं काम बघणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेची मंजुरी, मग परदेशी पासपोर्टवर व्हिसा. एवढं सगळं झाल्यावर सरकारी कचेरीतल्या खिडकीवरचा माणूस फाइल न उघडताच म्हणतो, "जन्मदात्या बापाचं नाव आणा."

परवा बागेत एका आजींनी तिच्या कुरळ्या केसांत बोटं घालून विचारलं, "परत कधी पाठवणार हिला?" तिला मराठी कळतं हो! रात्रभर मला घट्ट धरून झोपली पोर.

यापुढे तिच्या देखत कुणी असलं काही विचारलं, तर वय, नातं काहीही न बघता तिथल्या तिथे सुनावणार आहे.