काळी-पिवळीची पावती

कंटिन्जन्सीचं, म्हणजे संशोधनाच्या किरकोळ खर्चाचं, बिल परत आलं. कोपऱ्यात लाल शाईने शेरा मारलेला : 'प्रवासाची मूळ पावती जोडलेली नाही. वाहनाचा प्रकार व क्रमांक नमूद करून फेरसादर करावे.' खाली सही, सहीखाली तारीख, तारखेवर चहाच्या कपाचं अर्धं वर्तुळ.

मी समाजशास्त्रात पीएचडी करते. विषय ऊसतोड कामगारांचं स्थलांतर, क्षेत्र बीड जिल्ह्यातल्या धारूर-वडवणीकडच्या वाड्या आणि तांडे. तिकडे जायचं तर काळी-पिवळी जीप. ती भरल्याशिवाय निघत नाही आणि भरली कधी म्हणायचं ते ड्रायव्हर ठरवतो. मागच्या खेपेला माझ्या मांडीवर माझी सॅक, सॅकवर कुणाचं तरी पोर आणि पोराच्या हातात कोंबडी होती. अशा अवस्थेत पुढे वाकून 'दादा, मूळ पावती द्या, वाहन क्रमांकासह' असं म्हणायला जी छाती लागते ती माझ्याकडे असती, तर मी समाजशास्त्राच्या वाटेला न जाता पोलीस भरतीला उभी राहिले असते.

तर ते बिल घेऊन विद्यापीठाच्या वित्त विभागात गेले. खुर्ची रिकामी. साहेब 'आत्ताच गेलेत'. सरकारी कचेरीत आत्ताच गेलेला माणूस कधी येतो हे कुणी विचारू नये. भिंतीलगतच्या बाकावर एक काका बसले होते. मांडीवर कापडी पिशवी, पिशवीत प्लास्टिकची पिशवी, त्या पिशवीत फाईल. मी शेजारी टेकले, तसा त्यांनी हात पुढे केला.

"बघू."

मी दिलं. बाकावर आपल्या आधी येऊन बसलेल्या माणसाला आपले कागद वाचायचा हक्क असतो, हे मी गृहीत धरूनच चालते. काकांनी चष्मा कपाळावरून नाकावर घेतला. बिल वाचलं नाही. थेट शेरा वाचला, आणि तोही मोठ्याने. मग डोळे मिटून शेवटचे शब्द पुन्हा म्हणाले, "नमूद करून फेरसादर करावे."

"काय झालं काका?"

"हे माझं आहे."

"काय?"

"वाक्य. मी याच टेबलावरून रिटायर झालो. माझ्या आधी इथे नुसतं 'पावती नाही' लिहून परत पाठवायचे. लोक भांडायला यायचे. मी हे बसवलं. यात नकार आहे का? नाही. होकार आहे का? तोही नाही. माणूस परत येतो, पण भांडायला येत नाही. नमूद करायला येतो."

बोलताना त्यांचा चेहरा असा खुलला की माझं बिल अडलंय याचा मलाच क्षणभर आनंद व्हायला लागला. पुढे त्यांनी 'फेरसादर' हा शब्द एक की दोन यावर त्या काळच्या उपकुलसचिवांशी त्यांचा झालेला वाद सविस्तर सांगितला. तो मी इथे देत नाही. त्यात काका जिंकले एवढंच सांगते.

"आणि तुम्ही आज कशासाठी?" मी विचारलं.

त्यांनी पिशवीतली पिशवी उघडली. सातव्या वेतन आयोगाच्या फरकाचा अर्ज. कोपऱ्यात लाल शाई. अक्षर माझ्या बिलावरचंच. 'आवश्यक बाबी नमूद करून फेरसादर करावे.'

"बघ," काका अभिमानाने म्हणाले, "अजून शब्द बदललेला नाही."

"मग तुम्ही काय नमूद केलंत?"

काका थोडे ओशाळले. "तेच कळत नाही ना. कोणत्या बाबी ते त्याने लिहिलेलं नाही."

"तुम्ही लिहायचात?"

"छे. लिहिलं तर माणूस पुन्हा येईल कशाला?"

एवढ्यावर आमची मैत्री झाली असती. पण काकांनी विचारलं, फेलोशिप कुठली? मी म्हटलं, जेआरएफ, म्हणजे ज्युनिअर रिसर्च फेलोशिप. त्यांनी माझ्याच बिलाची मागची बाजू वर केली, खिशातून पेन काढलं आणि गणित मांडलं. पहिली दोन वर्षं महिना ३७ हजार, म्हणजे ८ लाख ८८ हजार. पुढची तीन वर्षं एसआरएफ, म्हणजे तीच फेलोशिप 'सीनिअर' होऊन, महिना ४२ हजार, म्हणजे १५ लाख १२ हजार. बेरीज मारली आणि पेन हवेतच थांबलं.

"चोवीस लाख! बरोब्बर! खाली एक रुपया उरला नाही बघ."

हिशोब जुळल्याचा तो आनंद मी आमच्या विभागात कधी पाहिलेला नाही. आमच्याकडे आकडे जुळले तर उलट संशय येतो.

"घरभाडं वेगळं," ते म्हणाले. "कंटिन्जन्सी वेगळी. आणि निष्कर्ष काय निघाला?"

"अजून निघायचाय."

"लोक ऊस तोडायला का जातात, हाच ना विषय?"

"तसंच नाही अगदी, पण..."

"गावात काम नाही म्हणून जातात. हे मी तुला फुकट सांगितलं असतं."

यावर उत्तर आहे. माझ्याकडे ते प्रकरण दोनमध्ये आहे, तळटिपांसकट. पण चोवीस लाखांच्या बेरजेपुढे तळटीप टिकत नाही. शिवाय ते चोवीस लाख मी अजून पाहिलेले नाहीत. गेल्या कित्येक महिन्यांचे तर नाहीतच. तेवढ्यात काकांनी हळूच विचारलं, "पण मग दर महिन्याला येतात का?" आणि मला बांध फुटल्यासारखं झालं.

येत नाहीत. म्हणजे, यायची व्यवस्था चोख आहे. मी महिनाभर संशोधन केलं असं माझ्या गाईडने लिहून द्यायचं. त्यावर विभागप्रमुखांची सही. मग विद्यापीठातला 'मेकर' नावाचा माणूस पोर्टलवर माझी महिन्याची हजेरी भरतो आणि 'चेकर' नावाचा माणूस ती मान्य करतो. मग पैसे थेट खात्यात. आता गाईड कमिटीवर बाहेरगावी असतात. ते येतात तेव्हा विभागप्रमुख रजेवर. दोघं एका महिन्यात सापडले तर मेकरची बदली झालेली असते आणि ओटीपी त्याच्या मोबाइलवर, नव्या गावाला जातो. तिथून तो माणूस फोनवर सहा आकडे सांगतो, पण चेकर जेवायला गेलेला असतो. ओटीपी थांबत नाही. हे सगळं मी एका दमात सांगितलं.

काका विचारात पडले. "मी जिवंत असल्याचा दाखला वर्षातून एकदा देतो. नोव्हेंबरात. तुला दर महिन्याला द्यावा लागतो?"

"हो."

"आणि तरी सरकारचा विश्वास बसत नाही?"

काकांबद्दल मला जे काही प्रेम वाटलं ते इथे वाटलं, आणि पुढच्या पाच मिनिटांत संपलं.

साहेब आले. मी बिल पुढे केलं, कोंबडीसकट सगळी जीप वर्णन करून सांगितली. साहेब हसले. म्हणाले, "मॅडम, जाऊ द्या. किरकोळ रक्कम आहे. पावती मिळत नाही असं स्वयंघोषणापत्र द्या, गाईडची सही आणा, करून टाकतो." मी पिशवीतून कोरा कागद काढला सुद्धा. तेवढ्यात मागून, बाकावरून, आवाज आला :

"ऑडिटला काय सांगणार?"

साहेबांनी मान वर केली. काका उठून टेबलापाशी आले होते. त्या टेबलावर त्यांनी तळहात ठेवला, गुरुजी वर्गाच्या टेबलावर ठेवतात तसा. "जीप म्हणजे खासगी वाहन. आज हिचं घेतलंस, उद्या कुणी बैलगाडीचं आणेल. वाहनाचा प्रकार आणि क्रमांक हवाच. तू शेरा बरोबर मारलायस."

साहेब ताठ बसले. गुरूने पाठ थोपटल्यावर शिष्याचं व्हायचं ते झालं. बिल माझ्याकडे सरकलं. काकांचा अर्जही काकांकडे सरकला, कारण शिस्त म्हटली की सगळ्यांना. काका मात्र खूश. जिना उतरताना मला म्हणाले, "पोरगा तयार झालाय."

खरं तर इथे थांबायला हवं, पण राग अजून गेलेला नाही, म्हणून लिहिते. सामाजिक शास्त्रांच्या जेआरएफला पहिली दोन वर्षं कंटिन्जन्सी वर्षाला १० हजार मिळते. विज्ञानवाल्यांना १२. पुढे आम्हाला २०,५०० आणि त्यांना २५ हजार. विज्ञानवाल्यांना रसायनं लागतात, मान्य. आम्हाला फक्त माणसं लागतात, आणि माणसं काय, प्रयोगशाळेच्या बाहेर कुठेही मिळतात. ती धारूरच्या डोंगरात मिळतात आणि दिवाळीच्या आगेमागे टोळ्यांनी उठून साताऱ्याला, कोल्हापूरला, थेट कर्नाटकात जातात आणि त्यांच्या मागे मलाही जावं लागतं, हा भाग कुठल्याच रकान्यात बसत नाही.

शिवाय ही फेलोशिप घेताना दुसरी पगारी नोकरी करायची नाही. पैसे वेळेवर येवोत न येवोत, ही अट मात्र वेळेवर लागू होते. यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, २०२२ च्या नियमांप्रमाणे पीएचडीला कमाल सहा वर्षं मिळतात. फेलोशिप पाच वर्षांची. सहाव्या वर्षी संशोधकाने काय खायचं याबद्दल नियम गप्प आहे. बायकांना आणखी दोन वर्षांची मुदत मिळू शकते. मुदत, पैसे नव्हे. आणि सगळं संपल्यावर, नावामागे डॉक्टर लागल्यावर, आमच्या विभागातले सीनियर काय करतायत? सीएचबी, म्हणजे क्लॉक अवर बेसिसवर शिकवणं. तासाप्रमाणे पैसे, तेही तुकड्या-तुकड्यांनी, आणि पुढच्या जूनमध्ये पुन्हा मुलाखत. तिथे पुन्हा सगळ्या मूळ कागदपत्रांची फाईल.

घरच्यांना यातलं काही सांगता येत नाही. १ जानेवारी २०२३ पासून फेलोशिप ३१ हजारांवरून ३७ हजार झाली, ते पेपरात छापून आलं आणि आत्याचा फोन आला : "वाढला म्हणे तुझा पगार." पगार नाही गं, शिष्यवृत्ती आहे. "मग फ्रीज घे ना एखादा." त्याच वर्षी डिसेंबरात नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात उपमुख्यमंत्र्यांनी सभागृहात विचारलं, पीएचडी करून ही पोरं काय दिवे लावणार? आमच्या मजल्यावर त्यावर बरीच चर्चा झाली. दिवे लावायला हरकत कुणाचीच नव्हती, फक्त विजेचं बिल कुणी भरायचं एवढाच प्रश्न होता.

पण या सगळ्या प्रकरणाचा नेमका शोध लावला तो एका ऊसतोड बाईने. मी तिची मुलाखत घेत होते. उचल किती घेतली, मुकादमाने कधी दिली, किती फिटली. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, हंगामाआधी मुकादम त्यांना उचल, म्हणजे आगाऊ पैसे, देतो आणि ती पुढे टनांनी फेडून घेतो. फिटली नाही तर बाकी पुढच्या हंगामाच्या डोक्यावर. या उचलीत अख्खी आयुष्यं जातात, त्यावर थट्टा करायची माझी हिंमत नाही. ती बाई मात्र करत होती. सगळी उत्तरं देऊन झाल्यावर तिने मलाच प्रश्नावली लावली.

"ताई, तुम्हाला उचल किती भेटली?"

"उचल नाही मिळत. काम केल्यावर मिळतात."

"कधी?"

"तेच... बघायचं. सहा महिन्यांनी, कधी आणखी उशिरा."

"तवर खाता काय?"

"उसने घेते."

तिने नवऱ्याकडे पाहिलं, नवऱ्याने तिच्याकडे. मग ती अगदी समजुतीने म्हणाली, "तुमचा मुकादम बदला."

गाईडना हे सांगितलं. ते हसले नाहीत.

टोळीचा मुकादम तिथेच बाजेवर बसून ऐकत होता. मी निघताना जीपपर्यंत आला. म्हणाला, "बाई, लिहिणं बरं दिसतंय तुमचं. टोळीचा हिशोब लिहायला माणूस लागतो, पाच-सहा महिने. पैसे आधी देतो." किती देतो, ते मी विचारून घेतलं आहे. संशोधनासाठीच.