यादीत नाव नाही? ‘चॅलेंज व्होट’ मिळत नाही!

घणसोलीची माझी भाची नुकतीच अठराची झाली. नाव नोंदवलंस का, विचारलं तर म्हणाली, “मावशी, गरजच नाही, आधार दाखवलं की झालं.” पुरावा म्हणून तिनं स्वतःच इन्स्टाच्या स्टोरीला लावलेला मेसेज दाखवला. हा मेसेज दर निवडणुकीला फिरतो. यादीत नाव नसेल तर आधार दाखवून ‘कलम ४९ए’खाली ‘चॅलेंज व्होट’ मागा, तुमचं मत कुणी आधीच टाकलं असेल तर ‘टेंडर व्होट’ मागा, आणि बूथवर १४ टक्क्यांहून जास्त टेंडर व्होट पडले तर फेरमतदान होतं, असं त्यात म्हटलंय.

पहिला दावा सगळ्यात घातक. निवडणूक संचालन नियम, १९६१ उघडून बघा. ४९ए मध्ये मतदान यंत्राची रचना दिलीय. चॅलेंजचा नियम आहे ४९जे, आणि तो नेमका उलटा आहे. उमेदवाराचा पोलिंग एजंट २ रुपये भरून ‘हा माणूस तो नव्हेच’ असा आक्षेप तुमच्यावर घेतो. लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ च्या कलम ६२ प्रमाणे यादीत नाव नसलेल्याला मताचा हक्कच नाही. आधारानं तुमची ओळख पटते, यादीत नाव येत नाही. घोडबंदर रोडला, खारघरला भाड्याची घरं बदलत राहणारी, नाव अजून सातारा-लातूरच्या यादीत असलेली किती पोरं या भरवशावर बूथवर जाऊन परत फिरणार?

टेंडर व्होट मात्र आहे, एवढं मान्य करावं लागेल. नियम ४९पी. ओळख पटवली की कागदी मतपत्रिका मिळते. पण ती वेगळ्या पाकिटात बंद होते, नेहमीच्या मोजणीत धरत नाहीत. प्रकरण कोर्टात गेलं तरच तिचा विचार होऊ शकतो.

१४ टक्क्यांचा आकडा कुठल्याच कायद्यात नाही. फेरमतदान होतं ते यंत्र बिघडलं, पळवलं, बूथ बळकावलं अशा कारणांनी.

पोरांना राजकारणाचं काही पडलेलं नाही, हे मला पटत नाही. लोकांना हक्क कळावेत म्हणूनच भाचीनं तो मेसेज लावला होता, मैत्रिणींनी पुढे पाठवला. त्याच मेसेजमुळे त्या स्वतः यादीबाहेर राहतात, याचा मला संताप येतो.

नवीन नावासाठी फॉर्म ६, घर बदललं असेल तर फॉर्म ८. दोन्ही ऑनलाइन भरता येतात, अडलं तर १९५० ला फोन करा. सतरा पूर्ण झालेल्यांनाही आगाऊ अर्ज करता येतो. उमेदवारी अर्जांची मुदत संपली की त्या निवडणुकीसाठी यादीत नाव घालता येत नाही, म्हणून आजच भरा.