न्यूट्रिनो कशालाच शिवत नाही? फुटणाऱ्या ताऱ्यात शिवतो

नाशिकच्या ग्रुपांवर आठवडाभर एक मजकूर फिरतोय: ‘न्यूट्रिनो हा भुताचा कण. तो कशालाच शिवत नाही, म्हणून तारा फुटण्यात त्याचा हात असूच शकत नाही. आणि असला तरी ते पाहिलंय कोणी?’ मी विज्ञान शिकवतो. दहावीच्या दोन मुलींनी हे खरं समजून वहीत उतरवून घेतलं होतं, म्हणून लिहितो आहे.

‘शिवत नाही’ हे पृथ्वीपुरतं जवळजवळ खरं. न्यूट्रिनो म्हणजे विद्युतभार नसलेला, अतिशय हलका कण. सूर्याचे अब्जावधी न्यूट्रिनो दर सेकंदाला आपल्या अंगठ्याच्या नखातून आरपार जातात. पण एरवी रामकुंडावरून आपण सहज चालत जातो आणि सिंहस्थाच्या पर्वणीला तिथेच पाऊल टाकायला जागा नसते. मोठ्या ताऱ्याचा लोखंडी गाभा कोसळताना एका घन सेंटिमीटरमध्ये दहा लाख टन वस्तुमान दाटतं. तिथे न्यूट्रिनोसुद्धा अडकतो.

त्याला अडवतात ती अणुकेंद्रकं. ऊर्जा फार नसेल तर न्यूट्रिनो एकेका न्यूट्रॉनवर न आदळता अख्ख्या केंद्रकावर एकदम आदळतो, आणि धडकेची शक्यता न्यूट्रॉनांच्या संख्येच्या वर्गाने वाढते. लोखंडात 30 न्यूट्रॉन, म्हणजे 30 पट नव्हे, साधारण 900 पट! भौतिकशास्त्रज्ञ डॅनियल फ्रीडमन यांनी हे 1974 मध्ये मांडलं. अमेरिकेतल्या ओक रिज प्रयोगशाळेत ते प्रत्यक्ष दिसायला 2017 उजाडलं. धडका टिपायला वापरलेला स्फटिक होता जेमतेम साडेचौदा किलोचा.

आता ‘हात नाही’ याबद्दल. गाभा कोसळून उसळलेली आघातलाट, म्हणजे ताऱ्याला फोडू पाहणारा धक्का, वाटेतच थबकते. हळूहळू बाहेर पडणाऱ्या न्यूट्रिनोंपैकी थोडे लाटेमागच्या सुट्या प्रोटॉन-न्यूट्रॉनांत शोषले जातात, तिथला वायू तापतो आणि लाट पुन्हा निघते. बाहेर पडणाऱ्या ऊर्जेचा सुमारे 99 टक्के भाग न्यूट्रिनो घेऊन जातात. उरलेला सुमारे एक टक्का स्फोटाला पुरतो. जाता जाता ते निऑनच्या केंद्रकातून एखादा कण उडवून फ्लोरिनही घडवतात. विश्वातल्या फ्लोरिनचा काही वाटा असाच आला असावा.

राहिला प्रश्न पाहिलं कोणी. 23 फेब्रुवारी 1987. मोठा मॅगेलनी मेघ या आपल्या शेजारच्या दीर्घिकेतल्या ताऱ्याच्या स्फोटाचे दोन डझन न्यूट्रिनो जपान, अमेरिका आणि सोव्हिएत संघातल्या उपकरणांत टिपले गेले, प्रकाश दिसण्याच्या दोन-तीन तास आधी. बहुतेक पकडले गेले ते पाण्यातल्या हायड्रोजनच्या केंद्रकांवर आदळूनच. त्यांच्यावरून काढलेली एकूण ऊर्जा आधी मांडलेल्या गणिताशी जुळली.